कानाची साक्ष

'सुधारणा' हा शब्द महाराष्ट्राला नवा नाहीं. आगरकरांनीं १८८८ सालीं 'सुधारक' पत्र काढलें, त्याच्याही आधींपासून या शब्दावरून आपल्याकडे घरोघर वाद झाले आहेत. त्या वादांत सुधारणा करावी कीं करूं नये याचा विचार पुष्कळ झाला. परंतु सुधारणा झाली हें ओळखावें कसें, आणि तें ओळखण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्या मानानें मागें राहिला. समाजाच्या किंवा राज्याच्या बाबतींत हा प्रश्न इतक्या हितसंबंधांनीं वेढलेला असतो कीं, त्याचें मूळ स्वरूप हातीं लागणें कठीण. म्हणून आम्हीं येथें एक अगदीं लहान आणि घरगुती उदाहरण घेण्याचें योजिलें आहे. व्हॉल्व्ह घालून घरीं जुळविलेल्या, हेडफोन लावून ऐकावयाच्या एका अँप्लिफायरचा आवाज सुधारणें, हें तें उदाहरण होय. ज्या कामांत कोणाचा स्वार्थ नाहीं आणि कोणाचें नुकसानही नाहीं, तेथें सुद्धां मनुष्य स्वतःला किती सहज फसवितो हें एकदां दिसलें, म्हणजे मोठ्या कामांत त्यानें किती जपलें पाहिजे हें निराळें सांगावयास नको.

व्हॉल्व्ह म्हणजे आंतील हवा काढून घेतलेली कांचेची नळी. तिच्यांतील तार तापली म्हणजे ऋण विद्युत्कण सुटतात व समोरच्या धन पट्टीकडे धांव घेतात. १९०४ सालीं फ्लेमिंग यांनीं या गुणाचा उपयोग बिनतारी संदेश ग्रहण करण्याकडे केला; दोनच वर्षांनीं ली द फॉरेस्ट यांनीं मध्यें तारेची एक जाळी बसविली, आणि जाळीवर यत्किंचित् दाब कमीअधिक केला कीं पट्टीकडे जाणारा मोठा प्रवाह त्याच तालावर कमीअधिक होऊं लागला. दुर्बळ ध्वनीला बळ देण्याची विद्या त्या जाळींतून निघाली. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें तें याच नळ्यांच्या जोरावर. पुढें १९४७ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टर जन्मास आला, आणि कांहीं दशकांतच त्यानें घरांतील रेडिओमधून नळ्यांना हद्दपार केलें. तरीही नळ्यांवर प्रेम करणारा एक वर्ग जगभर शिल्लक आहे. नळ्यांच्या आवाजांत कांहीं एक ऊब आहे, असें त्याचें म्हणणें आहे.

१९५८ सालीं स्थापन होऊन लवकरच पवईच्या तलावाकांठीं स्थिरावलेल्या तंत्रविद्येच्या संस्थेला आरंभीं युनेस्कोच्या द्वारें सोव्हिएत रशियाचें साहाय्य मिळालें होतें. त्याच पवईंत एका उंच इमारतींत राहणाऱ्या, आमच्या परिचयाच्या एका तरुणानें रशियन बनावटीच्या नळ्या घालून आपलें यंत्र जुळविलें, हा एक योगायोगच. सुटे भाग त्यानें लॅमिंग्टन रोडवर हिंडून मिळविले, ॲल्युमिनियमचा सांगाडा घरींच भोंकें पाडून तयार केला, आणि डाख लावण्याचें सगळें काम आपल्या हातानें केलें. पातळ भिंतींच्या पलीकडे शेजारी झोंपलेले असतात. म्हणून रात्रीं गाणें ऐकावयाचें तें हेडफोन लावून. यंत्र चालूं लागलें, आणि चालूं लागल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्याची सुधारणा सुरू झाली. अशा छंदाचा हा नियमच आहे.

या सुधारणा आम्हीं जवळून पाहिल्या. त्यांत तीन निरनिराळ्या जाती आहेत, आणि तिन्हींना एकच नांव दिल्यामुळें सगळा घोंटाळा होतो, असें आमचें मत झालें.

पहिली जात दोष काढून टाकण्याची. घरांतील विजेचीं सेकंदास ५० आवर्तनें होतात. ती एकदिशी करून घेतली कीं मागें १०० कंपनांची एक लाट राहते, आणि गाण्याच्या मागें घूं असा अखंड आवाज ऐकूं येतो. तो घालविण्याचे उपाय ठरलेले आहेत. वीज गाळणारे कंडेन्सर वाढवावे, नळ्या तापविणाऱ्या तारा एकमेकींत पिळून सांगाड्याच्या कडेनें न्याव्या, जमिनीच्या सगळ्या जोडण्या एका ठिकाणीं आणाव्या. दुसरें उदाहरण खर्जाचें. नळींतून हेडफोनकडे जाणाऱ्या वाटेवर एक कंडेन्सर असतो. या तरुणाचा हेडफोन ३२ ओहमचा आणि कंडेन्सर १०० मायक्रोफॅरडचा होता. हिशेब केला तर निघतें कीं, अशा जोडींत ५० कंपनांपाशींच आवाजाची शक्ति निम्म्यावर येते, आणि डग्ग्याचा घुमारा पोकळ लागतो. हेडफोन ३०० ओहमचा असता तर तोच कंडेन्सर ५ कंपनांपर्यंत पुरला असता. त्यानें १०० च्या जागीं ४७० चा बसविला. ती सीमा सुमारें १० कंपनांपर्यंत खालीं गेली, आणि तबल्याला जणूं नवें पोट आलें. या सुधारणा खऱ्या आहेत. त्या कागदावर मांडतां येतात, मापकानें मोजतां येतात, आणि न सांगतां दुसऱ्याच्या कानालाही कळतात. त्यांच्याविषयीं नीतिशास्त्राला कांहीं विचारावयाचें नाहीं.

दुसरी जात माधुर्याची, आणि येथें विचाराला सुरुवात होते. या जातीच्या नळीला एक सवय आहे. तिला षड्ज दिला तर ती षड्ज मोठा करून देतेच, पण त्याबरोबर आपल्या पदरचा थोडासा तार षड्जही मिसळून देते. दुप्पट कंपनांचा हा स्वर मूळ स्वराच्या इतका सगोत्र असतो कीं, कानाला तो परका वाटत नाहीं. आवाज भरदार झाला असें वाटतें. नळीच्या उबेचा पुष्कळसा भाग तो हाच. कांहीं सुधारणा हा पदरचा स्वर कमी करण्यासाठीं असतात, तर कांहीं बुद्ध्या वाढविण्यासाठीं. यांतली सुधारणा कोणती आणि बिघाड कोणता?

नळीचा कैवार घेणारे तंबोऱ्याचा दाखला देतात, आणि तो वरवर पाहतां बिनतोड वाटतो. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा किंचित् उतरता घांसून आणि तारेखालीं सुताचा धागा सारून कारागीर जी जवारी लावतो, तिच्यामुळें तार घोडीला हलके शिवत राहते व एका तारेंतून स्वरांची रांग उमटते. छेडलेल्या जागेवरून जे उपस्वर उमटूंच नयेत असा तारांचा नियम, तेही तंबोऱ्यांत ऐकूं येतात, हें चंद्रशेखर व्यंकट रामन् यांनीं १९२१ च्या सुमारास दाखवून दिलें. मिरजेच्या ज्या कारागिरांच्या तंबोऱ्याला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, त्यांची पिढ्यान्पिढ्यांची कीर्ति या 'भेसळी'वरच उभी आहे. मग जवारी ही कला आणि नळीचा तार षड्ज हा दोष, असें कां?

आमचें उत्तर असें कीं, दोघांचा धर्म निराळा आहे. तंबोरा बोलणारा आहे. तो जें बोलतो तें त्याचें स्वतःचें असतें, आणि गवई त्याला तेवढ्यासाठींच जवळ घेऊन बसतो. अँप्लिफायर हा दूत आहे. दुसऱ्याचें बोलणें पोंचविण्याचें काम त्यानें पत्करलें आहे. गोड बोलणारा दूत राजाला आवडेल; परंतु निरोपांत त्यानें स्वतःची साखर घातली असेल तर तें राजाला ठाऊक असावें, एवढी अपेक्षा अवाजवी नाहीं. शिवाय ही साखर एकट्या स्वरांत जशी लागते तशी ती मेळांत लागत नाहीं. षड्ज २४० कंपनांचा आणि शुद्ध ऋषभ २७० चा धरला, आणि दोन्ही एकदम वाजत असले, तर नळी त्यांच्या बेरजेचाही एक स्वर निर्माण करते. तो ५१० कंपनांचा होतो. तार सप्तकांतील कोमल ऋषभ ५१२ चा. म्हणजे भूप रागांत, जेथें कोमल ऋषभाला उंबरठाही ओलांडतां येत नाहीं, तेथें तो अगदीं दबक्या पावलांनीं कां होईना, मागल्या दारानें आंत येतो. गवयानें तो लावलेला नसतो, तंबोऱ्यानेंही नसतो. दूतानें तो आपल्या मनानें आणलेला असतो.

यावरून माधुर्य वर्ज्य करावें असा आमचा आग्रह नाहीं. ज्याला नळीची गोडी आवडते त्यानें ती खुशाल चाखावी. मात्र 'मला हें गोड लागतें' आणि 'हें मूळच्या गाण्याच्या अधिक जवळ आहे' या दोन वाक्यांत जें अंतर आहे तें त्यानें बुजवूं नये. पहिलें वाक्य रुचीचें आहे आणि त्याला प्रमाणाची गरज नाहीं. दुसरें सत्याचें आहे, आणि त्याला प्रमाण द्यावें लागतें. रुचीला सत्याचीं वस्त्रें चढविलीं म्हणजे रुचि थोर होत नाहीं. सत्य मात्र तेवढ्यापुरतें स्वस्त होतें.

तिसरी जात सर्वांत फसवी. आमच्या या तरुणानें कांहीं महिने पैसे साठवून एका नळीकडून दुसरीकडे स्वर नेणारे दोन कंडेन्सर परदेशाहून मागविले. जुन्यांचें आणि नव्यांचें माप एकच. किंमत मात्र अनेक पटींनीं अधिक. ते बसवून झाल्यावर त्यानें आम्हांला बोलावलें आणि हेडफोन हातीं देत म्हणाला, "काका, आतां ऐका. पडदा बाजूला झाल्यासारखें वाटतें कीं नाहीं?" त्याच्या आईनें ऐकून "छान वाटतं रे" असें आधींच सांगितलें होतें, आणि तिचें सांगणें तिच्या परीनें खरेंही होतें, तिनें कंडेन्सर ऐकला नव्हता, मुलाचा आनंद ऐकला होता. आमच्यावर प्रसंग निराळा होता. 'हो' म्हणावें तर ज्याची खात्री नाहीं त्याला साक्ष दिल्यासारखें. 'नाहीं' म्हणावें तर तीही तितकीच बिनपुराव्याची साक्ष. म्हणून आम्हीं म्हटलें, "आमच्या कानाचें राहूं दे, तुझ्याच कानाला विचारूं. फक्त त्याला कंडेन्सरची किंमत कळूं द्यावयाची नाहीं."

मुलगा प्रामाणिक होता. त्यानें मागल्या बाजूस एक बटण लावून जुना आणि नवा असे दोन्ही कंडेन्सर जोडून घेतले. त्याची धाकटी बहीण पाठीमागें बसली. तिनें प्रत्येक खेपेस नाणें उडवून त्याप्रमाणें बटण फिरवावें व वहींत टिपावें. यानें तेवढा वेळ हेडफोन काढून ठेवावा, मग ऐकावें आणि 'नवा' किंवा 'जुना' असें आपल्या कागदावर लिहावें, असें ठरलें. दहा खेपा झाल्या. दोन्ही कागद शेजारीं ठेवले तेव्हां दहांपैकीं सहा उत्तरें जुळलीं. न ऐकतां नुसतें नाणें उडवून उत्तरें दिलीं तरी सहा किंवा अधिक जुळण्याचा संभव शेंकडा ३८ च्या आसपास असतो. नऊ किंवा दहा जुळलीं असतीं तर गोष्ट निराळी. केवळ दैवानें तसें होण्याचा संभव शेंकडा एकाहून थोडासाच अधिक आहे. पडदा होता खरा, पण तो कानाच्या पलीकडे नव्हता.

तरुण कांहीं वेळ बोलला नाहीं. मग तोच म्हणाला, "आतां तो १०० आणि ४७० वालाही असाच लावून पाहूं." तसें केलें. या वेळीं दहाच्या दहा उत्तरें बरोबर आलीं. दैवानें हें १०२४ वेळांतून एकदां घडावें. म्हणजे कान अधू नव्हता. जेथें कांहीं होतें तेथें त्यानें तें अचूक सांगितलें, आणि जेथें त्याला कांहीं सांपडत नव्हतें तेथें मनानें त्याच्या नांवावर खोटी साक्ष दिली होती.

असें कां व्हावें? त्या मुलाला लबाड म्हणणें अन्यायाचें होईल. लबाडीला ऐकणारा दुसरा लागतो. येथें फसविणारा आणि फसणारा एकच. खरें कारण असें कीं, त्यानें मोल मोजलें होतें. पैसे मोजले होते, पार्सलाची वाट पाहिली होती, रात्रीं जागून डाख लावला होता. एवढें केल्यावर 'फरक नाहीं' असें म्हणणें म्हणजे आपले श्रम आपणच वायां ठरविणें. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचें तें कार्टें ही म्हण आपण लेंकरांपुरती समजतों. ती आपल्या हातच्या प्रत्येक कामाला लागू आहे. म्हणूनच न्यायशास्त्रानें फार पूर्वीं ठरवून टाकलें कीं, स्वतःच्या दाव्यांत कोणीं न्यायाधीश होऊं नये. आम्ही शिक्षकी पेशांतले लोक उत्तरपत्रिका तपासतों तेव्हां तिच्यावर विद्यार्थ्याचें नांव नसतें, क्रमांकही झांकलेला असतो. परीक्षक अप्रामाणिक असतो म्हणून ही तजवीज नसते. प्रामाणिक परीक्षकालाही आपलें मन कोणीकडे झुकतें आहे हें कळत नाहीं, म्हणून ती असते.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा कीं, हातच्या कांकणाला आरसा कशाला? ज्याचा त्याला फरक ऐकूं येतो, मग परीक्षा कसली? परंतु कांकण मनगटावर असतें आणि डोळा त्याच्याकडे निराळेपणानें पाहतो. ऐकण्याच्या बाबतींत पाहणारा आणि पाहिलेलें असे दोन पक्ष उरतच नाहींत. अपेक्षा, डोळ्यांना दिसणारी चकाकी, आठवणींतली किंमत, हीं सगळीं कानाबरोबरच ऐकत असतात. तेथें आरसा लागतो. याच यंत्रांत उलट टोकाचें उदाहरण आहे. नळ्यांना सुमारें २०० व्होल्टचा दाब द्यावा लागतो, आणि बटण बंद केल्यावरही तो कंडेन्सरमध्यें कांहीं काळ दबा धरून बसतो. तेथें हात लावणाऱ्याला वीज त्याचें मत विचारीत नाहीं. त्या प्रांतांत आत्मवंचना फार काळ टिकत नाहीं, म्हणून तेथें मनुष्य आपोआप सावध राहतो. जेथें चुकीला शिक्षा नाहीं, तेथें मात्र सावधपणा आपल्यालाच उत्पन्न करावा लागतो. नीतीची खरी गरज अशा प्रांतांत आहे.

दुसरा आक्षेप अधिक हृदयस्पर्शी आहे. तो मुलगा सुखी होता. त्याच्या सुखानें कोणाचें वाईट होत नव्हतें. मग ही परीक्षा घेऊन त्याचें सुख कां हिरावून घेतलें? हा आक्षेप आम्हीं मनांत पुष्कळ घोळविला. सुख त्याच्यापाशीं राहिलें असतें तर आम्हांस बोलण्याचें कारण नव्हतें. परंतु सुख फार वेळ एकटें राहत नाहीं. तें लवकरच उपदेश होतें. आज तो आम्हांस 'ऐका' म्हणाला. उद्यां आपल्यासारख्याच एखाद्या तुटपुंज्या खिशाच्या मित्राला 'घे' म्हणाला असता, आणि त्या मित्रानेंही मोल मोजून तोच पडदा बाजूला झालेला ऐकला असता. न तपासलेला आनंद असा हातोहात पसरतो, आणि प्रत्येक जण पुढच्याला साक्षीदार म्हणून दाखवितो. शेवटीं साक्षीदार हजार होतात आणि पाहिलेलें कोणींच नसतें. मोठमोठ्या सुधारणांचे डंके जेव्हां वाजतात तेव्हां त्यांच्या मुळाशीं पुष्कळदां हाच प्रकार असतो.

आपल्या प्रांतांतच याच्या उलट वागण्याचा एक दाखला आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. अब्दुल करीम खां यांच्या सुरेल गळ्याचें साहाय्य घेऊन त्यांनीं बावीस श्रुतींचें गणित मांडलें, आणि १९१० सालीं त्यावर इंग्रजींत ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढें क्लेमंट्स नांवाच्या न्यायाधीशांच्या सहकार्यानें श्रुति वाजविणारी हार्मोनियम तयार झाली. घरांत बसून आपल्या यंत्रावर संतुष्ट राहणें त्यांना अवघड नव्हतें. पण १९१६ सालीं बडोद्यास संगीत परिषद भरली तेव्हां हा विषय जाणत्यांच्या पुढें आला आणि त्यावर तीव्र मतभेद झाला. देवलांचें गणित कितपत टिकलें हा येथें प्रश्न नाहीं. आपल्या कानाला पटलेली गोष्ट, आपल्याशीं सहमत नसलेल्या कानांपुढें ठेवावी लागते, एवढें त्यांना मान्य होतें. आणि ज्याला एवढें मान्य आहे त्याची हार सुद्धां विद्येच्या कामास येते.

तेव्हां आमचा निष्कर्ष साधा आहे. दोष काढावयाचा असेल तर मापक घ्यावें. गोडी वाढवावयाची असेल तर ती गोडी आहे असें मोकळेपणानें म्हणावें. आणि 'सुधारणा झाली' असें दुसऱ्याला सांगावयाचें असेल, तर सांगण्यापूर्वीं एकदां डोळे बांधून स्वतःच्या कानाला विचारावें. या तिसऱ्या गोष्टीला कष्ट कमी आणि धैर्य फार लागतें, म्हणून ती विरळा घडते.

त्या तरुणानें ते महाग कंडेन्सर काढून टाकले नाहींत. आम्हीं कारण विचारलें तेव्हां तो म्हणाला, "दिसायला छान आहेत, काका. आणि पहिल्यांदाच स्वतःच्या पैशानं आणलेत." हें कारण आम्हांला पूर्ण पटलें. त्यांत आवाजाविषयीं एक शब्दही नव्हता.